हाताने केलेले

"हे मी घरी केले आहे," असे म्हणून कोणी आपल्या हातात एखादी वस्तू ठेवते, तेव्हा त्या वाक्यात केवळ माहिती नसते. तिच्यामागे एक मागणी असते. विकत आणलेल्या वस्तूला "छान आहे" एवढे म्हटले की भागते. घरी केलेल्या वस्तूचे तेवढ्याने भागत नाही. ती उलटसुलट करून पाहावी, "खरेच तू केलेस?" म्हणून विचारावे, शेजारी बसलेल्याला दाखवावी, असा आपल्याकडे एक अलिखित शिष्टाचार आहे. आणि आपण तो पाळतो. वस्तू बेताची असली तरी पाळतो. किंबहुना बेताची असली तर जरा अधिकच पाळतो.

दसरा उलटला की कागदाच्या दुकानांत जी गर्दी होते तिच्यात मीही असते. पतंगाचा कागद, घोटीव कागद, टिकल्या, आरसे, लोकरीचे गुंडे, आइस्क्रीमच्या काड्या, डिंकाच्या बाटल्या, कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून फुले करण्याचे सामान. दोन-तीनशे रुपयांत पिशवी भरते, आणि तिच्यातून पुढे शुभेच्छापत्रे, तोरणे, रंगवलेल्या पणत्या, नातेवाइकांना द्यावयाच्या लहानसहान भेटी निघतात. खर्च थोडा आणि गौरव मोठा असा हा व्यवहार. तो मला पुष्कळ वर्षे कोड्यात टाकत आला आहे. दुकानातल्या वस्तूपेक्षा ही वस्तू वरच्या प्रतीची मानायची ती नेमकी कशामुळे? ती अधिक सुंदर असते म्हणून नव्हे, हे तर उघड आहे. मग तिला आपला हात लागला म्हणून? वेळ गेला म्हणून? की पैसे वाचवल्याची गोष्ट आपण मायेच्या वेष्टनात गुंडाळून देतो म्हणून? शेवटचा प्रश्न जरा बोचरा आहे. पण तो टाळून पुढे जाता येईलसे मला वाटत नाही.

आधी हाताचेच पाहू. आपला जुन्या पद्धतीचा आकाशकंदील घ्या. त्याला चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यांतले चार कोपऱ्यावर उभे करून एकमेकांना कोपऱ्याशी कोपरा जोडायचे, आणि उरलेले दोन वर व खाली आडवे बसवायचे. एवढे झाले की त्या सांगाड्यात आठ त्रिकोण दिसू लागतात. ते कोणी बांधलेले नसतात. चौकोनांच्या मधल्या जागेतून ते आपोआप उमटतात. लहान मुलाला कंदील करायला बसवले तर हा क्षण त्याला खुशाल हाक मारून दाखवावा. मात्र एखादी कामटी बोटभर लांब राहिली की तिचा चौकोन तिरपा होतो, त्याच्या शेजारचे त्रिकोण बिघडतात, आणि सारा कंदील एका बाजूला मान टाकतो. पुढची मौज खळीची. मैदा पाण्यात शिजवून खळ करायची. कीड लागू नये म्हणून तिच्यात किंचित मोरचूद घालतात (तो विषारी, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये). खळीने ओला झालेला पतंगाचा कागद सैल पडतो, सुरकुततो. नवशिका घाबरतो आणि तो ओढून ताणू लागतो. वास्तविक तो तसाच ठेवला तर वाळता वाळता आपल्या आपण ताठ होतो. ओढून ताणलेला असला तर वाळताना फाटतो. वरचा चौकोन मोकळा सोडायचा, म्हणजे दिव्याची ऊब निघून जाते. मग कडांना करंज्या आणि खाली झिरमिळ्या.

हे सगळे एकदा ज्याने केले त्याला काय मिळते? कंदील मिळतोच, पण त्याहून महत्त्वाची अशी एक नजर मिळते. मुंबईत माहीमला एक गल्लीच्या गल्ली दिवाळीपूर्वी कंदिलांनी भरून जाते. लोक तिला कंदील गल्लीच म्हणतात. तिथे कंदील हातात घेऊन "ह्या कागदाचे एवढे पैसे?" म्हणून विचारणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्याने चोवीस कामट्या तासून सारख्या केल्या आहेत त्याच्या तोंडून हा प्रश्न सहसा निघत नाही. त्याला कागद दिसायच्या आधी गाठी दिसतात. निदान निघू नये, अशी माझी समजूत आहे. सुईदोरा चालवण्यात हयात गेलेल्या बायका शिंपिणीशी घासाघीस करताना मी ऐकल्या आहेत, तेव्हा ह्या समजुतीवर फार भार टाकण्यात अर्थ नाही.

जॉन रस्किनने १८५३ साली व्हेनिसच्या इमारतींविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, जुन्या गॉथिक शिल्पातला ओबडधोबडपणा ही कारागिराच्या स्वातंत्र्याची खूण आहे; सर्वत्र निर्दोष सफाई मागणे म्हणजे माणसाचे अवजार करणे. विचार थोर आहे. परंतु तो पोटासाठी दगड फोडणाऱ्या माणसाच्या बाजूने मांडलेला आहे. हौसेने कंदील करणाऱ्या आपण सुखवस्तू माणसांनी, आपला कंदील वाकडा झाला की त्या विचाराच्या आडोशाला जाऊन उभे राहावे, हे काही बरे नाही. आपला कंदील वाकडा असतो तो बहुधा आपण मापे नीट घेतलेली नसतात म्हणून.

तेव्हा करणाऱ्याला काही मिळते, हे मान्य. पण भेट ही घेणाऱ्यासाठी असते. त्याला काय मिळते?

एमर्सनने १८४४ साली भेटींवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, खरी भेट म्हणजे देणाऱ्याच्या स्वतःचाच एक तुकडा असतो. कवीने कविता द्यावी, धनगराने कोकरू, मुलीने आपण शिवलेला रुमाल. सोनाराच्या कसबातून उचललेली वस्तू दुकानातून आणून देणे हा कोरडा व्यवहार झाला. ह्या निबंधाचा पूर्वार्धच लोक लक्षात ठेवतात. उत्तरार्धात तोच एमर्सन असेही म्हणतो की, भेट स्वीकारणे ही अवघड गोष्ट आहे, आणि देणाऱ्याला आपण सहजासहजी क्षमा करीत नाही. ह्याच गोष्टीचा पुढे मार्सेल मोस ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात सांगोपांग विचार केला. जगातल्या नाना समाजांची उदाहरणे घेऊन, आणि त्यांत आपल्या महाभारतातले अनुशासनपर्वही घेऊन, त्याने दाखवले की फुकट अशी भेट नसते. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच आहेत.

आता हे घरी केलेल्या भेटीला लावून पाहा. विकत आणलेल्या भेटीला किंमत असते, म्हणून ती फेडता येते. तुम्ही पाचशेची वस्तू दिलीत, मी पुढल्या वर्षी साडेपाचशेची देते, आणि आपण दोघी मोकळ्या. घरी केलेल्या वस्तूला किंमत नाही. म्हणून तिची फेड नाही. आणि ती टाकताही येत नाही. माझ्या एका मावशीला मण्यांची तोरणे करण्याचा नाद होता. काचेचे बारीक मणी, वेलबुट्टी, मधे "सुस्वागतम्" अशी अक्षरे. नात्यातल्या प्रत्येक घरी तिचे एक तरी तोरण होते. आमच्या घरी तीन होती. ती यायची असली की आई माळ्यावरून पेटी काढून तोरण दाराला लावी, आणि ती गेली की उतरवून ठेवी. मावशीला हे ठाऊक होते असे मला वाटते. तिने त्यावरून कधी शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी चौथे तोरण घेऊन आली. मी हे विनोदाने सांगत नाही. त्या दोन बहिणींमध्ये प्रेम होते, पण त्या तोरणात ते प्रेम होते की एकीने दुसरीच्या दारावर बसवलेली चौकी होती, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

ह्याच्या उलट बाजूला सुदाम्याचे पोहे आहेत. गरिबाच्या भेटीची गोष्ट निघाली की आपल्याकडे प्रथम तेच आठवतात. पण भागवताच्या दशम स्कंधात ही कथा मुळातून वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. ते पोहे घरचे नव्हते. सुदाम्याच्या बायकोने शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. म्हणजे साऱ्या भरतखंडात गाजलेली ही भेट ना सुदाम्याने केली होती, ना त्याच्या मालकीची होती. शिवाय ती त्याने दिलीही नाही. द्वारकेचे वैभव पाहून तो लाजला आणि पुरचुंडी झाकून बसला. ती कृष्णाने ओढून घेतली. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ह्या भेटीत जवळजवळ काहीच नाही. तिचे सारे मोल घेणाऱ्याने तिच्यात घातले आहे. "हे मी घरी केले आहे" ह्या वाक्याच्या अगदी विरुद्ध टोकाला ही कथा उभी आहे. तिथे देणारा गप्प आहे आणि घेणारा बोलतो आहे.

घेणाऱ्याला वाचता आले नाही तर काय होते ह्याचेही एक उदाहरण इतिहासात आहे. १९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ ह्यांचे लग्न झाले. आपल्यापाशी देण्यासारखे काही नाही अशा अडचणीत गांधीजी होते. तेव्हा माउंटबॅटन ह्यांच्या सूचनेवरून त्यांनी स्वतः कातलेले सूत दिले, आणि त्याचे एक जाळीदार वस्त्र विणून पाठवण्यात आले. मधे "जय हिंद" अशी अक्षरे होती. लग्नाच्या भेटींच्या प्रदर्शनात वृद्ध राणी मेरी ह्यांनी ते पाहिले आणि तो गांधींचा पंचाच असावा अशा समजुतीने त्या नाराज झाल्या. वस्त्र तेच, सूत तेच. पण त्या सुतामागचे चरख्याचे आयुष्य ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीला ते फडके होते. ते जपून मात्र ठेवले गेले. २०१५ साली भारताचे पंतप्रधान भेटीला गेले तेव्हा राणी एलिझाबेथ ह्यांनी त्यांना ते दाखवले. ह्याच्या शेजारी १९४२ च्या मार्चमधली इंदिराबाईंची लग्नातली साडी ठेवून पाहावी. ती नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. तिला कोणी काही समजावून सांगावे लागले नसेल. ज्या दिवसांत वडील घरी नव्हते त्याच दिवसांचे ते सूत होते, आणि ते दिवस तिनेही मोजले होते.

आणखी एक बाब. ह्या दोन्ही वस्तू संपूर्णपणे एकट्याच्या हातच्या नव्हत्या. गांधींनी सूत कातले, विणले ते एका पंजाबी मुलीने; नेहरूंच्या सुताची साडी कोणा विणकराने विणली. "सगळे मी केले" हा हट्ट अलीकडचा असावा, आणि तो कागदाच्या दुकानात मिळणाऱ्या तयार संचांनी वाढवला आहे. ह्या संचात तुकडे कापलेले असतात, भोके पाडलेली असतात, कोणता तुकडा कुठे हेही आकड्यांनी छापलेले असते. आपण फक्त डिंक लावायचा आणि "हाताने केले" म्हणायचे. माझी त्यावर हरकत एवढीच की, डिंक वाईट असतो.

परंतु मला खरा राग आहे तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. "स्वस्त आणि मस्त, घरच्या घरी करा" असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या स्वस्ताईचा हिशोब कोणी पाहिलेला नसतो. कागद वीस रुपयांचा, दोरा दहाचा, आणि तीन रात्रींचे जागरण फुकट. ते फुकट का? कारण ते घरातल्या बाईचे असते. आपल्या लग्नातले रुखवत हे ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण. मूळचे रुखवत म्हणजे खाण्याचे पदार्थ. पुढे त्यात वस्तू आल्या, भरतकाम आले, आगपेटीच्या काड्यांची देवळे आली, सुपारीचे भटजी आले, थर्माकोलचे महाल आले. (२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, त्याचे निदान ह्या महालांपुरते मला दुःख नाही.) मांडवात टेबले लावून हे मांडायचे, त्यावर "मुलीने स्वतः केलेले" अशी चिठ्ठी ठेवायची, आणि वरपक्षाच्या बायकांनी नाकावर चष्मा चढवून टाके तपासायचे. ही भेट म्हणायची की परीक्षा? मुलगी सुगरण आहे, तिला बसायला शिकवले आहे, तिच्या वेळेवर आता ह्या घराचा हक्क राहील, असे त्या रुखवतातून सांगितले जाते. त्या टेबलावरच्या अनेक वस्तू खरोखर सुंदर असतात. त्यामुळे प्रश्न सुटत नाही, उलट बिकट होतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही त्याला, योग्य स्थळकाळ पाहून, द्यायचे म्हणून दिलेले ते सात्त्विक; फळाकडे डोळा ठेवून, कष्टी मनाने दिलेले ते राजस. रुखवत कोणत्या खान्यात बसते ते वाचकांनीच पाहावे. मला त्यातला "कष्टी मनाने" हा भाग विशेष वाटतो. हाताच्या कामात मन कष्टी होते की नाही, हे ते काम कोणी सांगितले ह्यावर ठरते. काडी तीच, डिंक तोच.

स्वस्ताई प्रामाणिक कधी असते? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मुलांची शिकण्याची साधने बिया, पाने, शिंपले, खडे, बांबू अशा जवळपासच्या वस्तूंची असत. तिथे कोणी ह्या साधनांचे कौतुक मागत नव्हते. ती होती म्हणून मुले मोजायला शिकत होती. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांत खोचून मुलांना भूमितीचे आकार करायला दिले, तेही असेच. त्रिकोण दाबला तरी ढळत नाही आणि चौकोन मात्र कलंडतो, हे मुलाला दोन मिनिटांत बोटांनी कळते. (कंदिलातले आठ त्रिकोण काय काम करतात तेही त्याला मग कळेल.) अशा ठिकाणी वस्तू स्वस्त आहे हा तिचा गुण असतो, कारण त्यामुळे ती सगळ्यांना मिळते. उद्या मोडली तरी रडायचे कारण नाही.

मोडण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या दिवाळीतल्या हाताच्या कामांपैकी ज्यांच्याविषयी माझ्या मनात कसलाही संशय नाही अशी दोनच आहेत, रांगोळी आणि मुलांचा किल्ला. आणि दोन्ही टिकत नाहीत. शिरगोळ्याची भुकटी, चिमूटभर रंग, अंगणातली हातभर जागा. पहाटे काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवशी केरसुणीने जाते. किल्ल्यावर हळीव उगवते, चार दिवस हिरवेगार दिसते, मग पिवळे पडते, आणि मातीचे मावळे टोपलीत परत जातात. ही कामे कोणा एकासाठी केलेली नसतात; जो रस्त्याने जाईल त्याच्यासाठी असतात. दूधवाला क्षणभर थांबतो, पाय वाचवून पलीकडे जातो. त्याच्यावर काही ऋण चढत नाही. त्याला कुठली पेटी माळ्यावर ठेवावी लागत नाही.

मग आपल्या माणसाला द्यायच्या वस्तूचे काय? तिथे मी असे म्हणेन की, ती वापरून संपणारी असावी, आणि तिच्यात अशी काही गोष्ट असावी की जी दुकानात मिळणे मुळात शक्य नाही. असे काही असते का? असते. बाळंतिणीला द्यायचे दुपटे घ्या. ते नव्या कापडाचे चांगले होत नाही. वीस वर्षे धुवून धुवून विरलेले लुगडे किंवा धोतर लागते. तोच मऊपणा तान्ह्या अंगाला सोसतो. कोणत्याही गिरणीला तो पहिल्या दिवशी देता आलेला नाही. इथे वस्तू फुकटातली आहे, आणि तरीही महागड्या वस्तूहून ती निःसंशय सरस आहे. ही सरसता मायेची समजूत काढण्यासाठी सांगितलेली नाही. बाळाच्या पाठीला विचारावे. आडोर्नो ह्या जर्मन विचारवंताने १९५१ साली लिहिले की, खरे देणे म्हणजे घेणाऱ्याच्या आनंदाची कल्पना करणे, त्यासाठी निवड करणे, वेळ देणे, वाट वाकडी करणे; आणि ही कला लोक विसरत चालले आहेत. त्याच्या यादीत "स्वतः करणे" हे कलम नाही, आणि मला ते योग्य वाटते. कुंभाराच्या पणत्या चार ठिकाणी फिरून निवडून आणणारा माणूसही त्या यादीत बसतो.

ह्या वर्षी आमच्या घरी कंदील विकतचा आहे. बाजाराच्या तोंडाशी एक माणूस कामट्यांचे सांगाडे बांधून विकतो, कागद ज्याचा त्याने लावायचा. त्याच्याकडून घेतला आणि सांगेल ती किंमत दिली. भाचीला डिसेंबरात बाळ व्हायचे आहे. तिच्या आजीची दोन लुगडी ट्रंकेत होती, ती धुऊन उन्हात टाकली आहेत. दुपट्याचे माप तिला विचारले तर ती म्हणाली, "मावशी, घर लहान आहे, फार मोठे नको." दोऱ्याला मेण लावून ठेवले आहे. सुईत तो ओवून द्यायला मात्र हल्ली शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते.